हलशी: ताम्रपटातली शेतं आणि आजची रानं

खानापूर तालुक्यातल्या हलशीला बहुतेक लोक भूवराह नरसिंहाचं देऊळ बघायला जातात आणि तासाभरात परत फिरतात. देऊळ आहेच तसं. पण या गावाचा सगळ्यात जुना लेखी पुरावा देवळाच्याही कित्येक शतकं आधीचा आहे, आणि तो शेतजमिनीचा आहे. कुणाला जमीन दिली, कशाबद्दल दिली, हद्द कुठून कुठवर, उत्पन्न कुठं खर्च करायचं, हे सगळं पाचव्या-सहाव्या शतकात इथं राज्य करणाऱ्या कदंब राजांच्या ताम्रपटांत लिहिलेलं आहे. ते वाचल्यापासून ही रानं पायी फिरून बघायची मनात होती. अक्काच्या सासरकडचे एक आबा हलशीत राहतात. संक्रांतीच्या दिवशी त्यांचा फोन आला, "नुसतं दर्शन घेऊन जाऊ नका, मुक्कामाला येवा." अक्का आणि मी लगेच निघालो.

शुक्रवार: खानापूर, नंदगड आणि रात्री हलशी

बेळगावहून खानापूरला गाड्या भरपूर आहेत. स्टँडसमोर चहा घेतला आणि नंदगडची गाडी धरली. खानापूरच्या मातीतून निघालेली तांबडी कौलं आणि मडकी आमच्याकडच्या कितीतरी जुन्या घरांत आहेत. ग्रामीण कुंभारकामाचं शिक्षण देणारी संस्थाही इथंच आहे. नंदगडच्या वाटेवर तीच तांबडी माती दोन्ही बाजूंना उघडी दिसते. भात निघून गेलेली खाचरं, त्यात कुठं मसूर, कुठं पावटा, आणि मधेच उसाचा हिरवा पट्टा.

नंदगडला संगोळी रायण्णाच्या समाधीपाशी थांबलो. कित्तूरचं संस्थान पडल्यावरही इंग्रजांशी लढत राहिलेल्या या माणसाला २६ जानेवारी १८३१ रोजी इथं वडाच्या झाडाला फाशी दिलं. शाळेत आम्ही एवढंच शिकलो होतो. पण त्याच्या लढ्याच्या मुळाशी जमीनही होती. रायण्णा शेतसनदी होता. गावाची राखण करायची, वेळ आली की हत्यार घेऊन उभं राहायचं, आणि त्या चाकरीबद्दल कसायला जमीन मिळायची, असा तो हक्क. इंग्रजांनी त्याची निम्मी जमीन काढून घेतली आणि उरलेलीवर जबर सारा लावला. त्याच्याबरोबर जे लोक उठले त्यांच्यातही असे हक्क गमावलेले पुष्कळ होते. समाधीपाशी एक म्हातारी बाई आली होती. तिनं आधी वडाला हात लावला, मग समाधीवर फूल ठेवलं आणि आम्हा अनोळखी दोघींच्या हातावर तिळगूळ ठेवून म्हणाली, "गोड बोला बायांनो, लांबनं आलासा." ती कन्नड बोलणारी, आम्ही मराठी. हे दोन शब्द तिनं आमच्यासाठी मराठीत उच्चारले.

सांज व्हायच्या आत हलशीत पोचलो. लांबूनच देवळाचं पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेलं शिखर दिसतं. कदंबांच्या देवळांची ती ओळखच आहे. आबांचं घर कौलारू, पुढं मोठं अंगण, अंगणात भाताच्या पेंढ्यांची व्हळी रचलेली. काकींनी आधी पाय धुवायला गरम पाणी दिलं, मग चुलीपुढं बसवलं. तांदळाची पातळ भाकरी, पावट्याची आमटी, लसणीची चटणी आणि वर ताजी काकवी. खानापूरच्या तांदळाची भाकरी बेळगावातही मिळते, पण तव्यावरून थेट ताटात आलेलीची चव वेगळी. अक्कानं मोजायचं सोडून दिलं, काकी वाढत राहिल्या.

जेवणानंतर आबांनी विचारलं, "देऊळ तर बघशीलाच. पण फोनवर शेतांचं काय म्हणत हुतीस?" मी म्हटलं, "उद्या रानातच सांगते आबा."

जाणाऱ्यांसाठी: गावात राहायची सोय धरून चालू नका. ओळखीचं घर नसेल तर खानापुरात किंवा बेळगावात मुक्काम करून सकाळी लवकर निघावं. खानापूरहून हलशी साधारण चौदा किलोमीटर आहे. थेट गाडी चुकली तर नंदगडपर्यंत येऊन पुढं दुसरी धरता येते. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा.

शनिवार: देऊळ, रान आणि गुऱ्हाळ

पहाटे इतकं धुकं होतं की अंगणातली व्हळीसुद्धा दिसेना. जानेवारीत घाटमाथ्याजवळच्या या पट्ट्यात सकाळी अंगावर शाल लागतेच. धुकं उठता उठता देवळात गेलो. आवार प्रशस्त आणि दगडी, आत दोन गाभारे समोरासमोर. ही रचना मी पहिल्यांदाच पाहिली. एका गाभाऱ्यात नारायणाची मूर्ती आणि नरसिंह, समोरच्या गाभाऱ्यात भूवराह. मधे उभं राहिलं की कुणाकडे पाठ करावी हे कळत नाही, म्हणून भाविक बाजूला सरकून दोन्हीकडे हात जोडतात. नारायणाची प्रतिष्ठा ११६९ सालची, गोव्याच्या कदंबांपैकी (ही कदंबांची नंतरची शाखा) शिवचित्त पेर्माडी राज्य करत होता तेव्हाची. भूवराहाची ११८६-८७ ची, त्याचा भाऊ विष्णुचित्त विजयादित्य याच्या काळातली. इथल्या लेखात नेहमीसारखं शकाचं वर्ष दिसत नाही, कलियुगाचं वर्ष दिसतं: ४२७०, म्हणजे ११६९. गोव्याचे कदंब कलिवर्षात काळ मोजत.

मला भूवराहापुढून हलवेना. जलात बुडालेली भूमी वर काढणारा हा देव. ज्या गावाचं सगळं आयुष्य पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या आणि पुन्हा वर येणाऱ्या खाचरांवर चालतं, तिथं आठशे वर्षं याची पूजा चालू आहे, हे मला फार योग्य वाटतं. पूजेला आलेल्या एका शेतकऱ्यानं सोबत आणलेली मसुरीची ओली डहाळी उंबऱ्यावर ठेवली. "पयल्यांदा हितं, मग घरात," तो म्हणाला.

त्या काळात हलशी आडबाजूचं खेडं नव्हतं. पलसिगे बारा हजार हा मोठा प्रांत या गावाच्या नावानं ओळखला जाई, आणि गोव्याचे कदंब कोकण नऊशे आणि पलसिगे बारा हजार या दोन्हींवर राज्य करत. घाटाखाली त्यांची बंदरं, घाटावर ही सुपीक जमीन. बंदरावरचा जकातीचा पैसा आणि इथलं धान्य, दोन्ही हाताशी असल्यावर असं देऊळ उभं राहतं. गावात गोकर्णेश्वर, कपिलेश्वर, सुवर्णेश्वर, हाटकेश्वर अशी आणखीही देवळं आहेत, जुन्या बसदीचे, म्हणजे जैन मंदिराचे, अवशेष आहेत. ती सगळी आम्ही सावकाश फिरलो. काही ठिकाणी दगड ढासळलेत, त्यातून झुडपं आली आहेत, ते बघून वाईट वाटतं.

जाणाऱ्यांसाठी: शिलालेख नीट बघायचा तर सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना जा. तिरप्या उजेडात अक्षरं उठून दिसतात, दुपारी सपाट दगड दिसतो. गाभाऱ्यात फोटो काढायच्या आधी पुजाऱ्यांना विचारा. लेखावर पाणी, पावडर, खडू काही लावू नका.

दुपारी आबांची नात शाळेतून आली. नववीत आहे, शनिवारी सकाळची शाळा. ती, आबा, काकी, अक्का आणि मी, असे सगळे नंदगडच्या वाटेनं रानाकडे निघालो. मला हीच वाट हवी होती. एकोणिसाव्या शतकात हलशीबाहेर, याच नंदगडच्या वाटेवर, चक्रतीर्थ नावाच्या लहान विहिरीजवळ मातीच्या एका ढिगात कदंबांचे सात ताम्रपट सापडले. फ्लीट या इंग्रज अधिकाऱ्यानं ते वाचून छापले. भाषा संस्कृत, काळ पाचव्या-सहाव्या शतकाचा. गावाचं नाव त्यांत पलाशिका. बनवासी ही कदंबांची राजधानी, आणि पलाशिका त्यांची दुसरी राजधानी.

आबांच्या रानाच्या बांधावर आम्ही बसलो आणि मी वहीतून सांगायला सुरुवात केली.

सगळ्यात जुना पट काकुस्थवर्म्याचा, तो युवराज असतानाचा. सेनापती श्रुतकीर्ती यानं त्याचा जीव वाचवला. त्याबद्दल खेट नावाच्या गावातलं एक शेत त्यानं श्रुतकीर्तीला दिलं, आणि तशी सनद पलाशिकेत राहून लिहून दिली.

"जीव वाचवला म्हणून रान दिलं?" आबा म्हणाले. "मग तो राजा शाणा हुता. सोनं दिलं आसतं तर संपलं आसतं."

पुढं काकुस्थाचा नातू मृगेशवर्मा आला. वडील शांतिवर्मा गेले होते, त्यांच्या भक्तीपोटी त्यानं पलाशिकेत जिनालय, म्हणजे जैन मंदिर, बांधलं आणि मातृसरित् नदीपासून इंगिणी संगमापर्यंतची तेहेतीस निवर्तनं जमीन यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक या जैन संघांना दिली. निवर्तन हे तेव्हाचं जमिनीचं माप. श्रुतकीर्ती वारल्यावर त्याचं ते खेट गाव याच मृगेशानं दामकीर्ती नावाच्या माणसाच्या आईला दिलं. इथं अक्का सावरून बसली. "आईला? बाईच्या नावावर?" हो, बाईला, दीड हजार वर्षांपूर्वी. काकींनी शेजारच्या दोन एकरांच्या पट्ट्याकडे हात केला. "ते हिरीजवळचं रान माझ्या नावावर हाय," त्या म्हणाल्या, आणि ते सांगताना त्यांचा आवाज चढला. त्यांच्या वडिलांनी लग्नानंतर कितीतरी वर्षांनी घेऊन दिलं होतं, भाऊ असूनही.

मग रविवर्म्याचा पट. त्यानं कांचीचा राजा चंडदंड याला हरवलं आणि पलाशिकेत आपलं ठाणं बसवलं. दामकीर्तीचा मुलगा जयकीर्ती त्याच्या दरबारी प्रतिहार, म्हणजे द्वारपाल अधिकारी, होता. त्यांनी ठरवून दिलं की पुरुखेटक गावाच्या उत्पन्नातून दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला आठ दिवस जिनेंद्राचा उत्सव व्हावा, आणि पावसाळ्याचे चार महिने यापनीय तपस्व्यांच्या जेवणाखाणाची सोय व्हावी. यापनीय हा जैनांचा पंथ आता उरलेला नाही. त्यांचे साधू दिगंबर असत, पण बाईलाही मोक्ष मिळतो असं ते मानत.

"चार म्हयने पावसाचे," काकी म्हणाल्या. "हितला पाऊस तुमच्या बेळगावासारखा न्हवं. रोपात गुडघाभर पाणी, वाट दिसत न्हाई. कुणाच्या दारात भिक्षा मागत फिरणार बिचारे? राजाला कळत हुतं."

मी ही सनद कितीदा वाचली होती. त्यात धर्म दिसला होता, दान दिसलं होतं. आषाढातल्या हलशीत चालून माणसाला अन्न मिळवणं किती कठीण आहे, हे मात्र काकींनी दाखवलं. आणि उत्सव कार्तिकीलाच का, याचंही उत्तर मला बांधावर बसल्यावर सुचलं: तेव्हा हळवी, लवकर पिकणारी भातं कापून झालेली असतात, उशिरा येणारी गरवी पिवळी पडलेली असतात, गावाच्या हातात धान्य येत असतं. हा माझा अंदाज, ताम्रपट कारण देत नाही.

रविवर्म्याचा भाऊ भानुवर्मा, त्याच्या काळचा एक पट आहे. पलाशिकेतल्या कर्दमपटी नावाच्या शेतातली (कर्दम म्हणजे चिखल) पंधरा निवर्तनं, दर पौर्णिमेला जिनाच्या अभिषेकासाठी, पंडर नावाच्या एका जिनभक्तानं दिलेली. उंछ-कर आणि इतर सगळे कर माफ. शेतात कापणीनंतर पडून राहिलेलं वेचणं म्हणजे उंछ. तोवर गप्प ऐकत असलेली नात म्हणाली, "म्हणजे वेचणीवरपण कर होता?" होता, आणि तो माफ करावा लागत होता. आबांनी मान हलवली. "वेचून खाणारा गरीबच आसतोय. तेच्याकडनं बी घ्यायचे म्हणजे..." पुढं ते बोलले नाहीत.

मग आबांनी आपल्या रानाची हकीकत सांगितली. हे रान त्यांच्या वडिलांनी कूळ म्हणून कसलं. १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात, नंतर म्हैसूर राज्यात. १९७४ मध्ये कर्नाटकचा सुधारलेला जमीन सुधारणा कायदा लागू झाला, कुळांनी अर्ज भरले, आणि कसणाऱ्याच्या नावावर रान झालं. घरातलं जुनं खरेदीपत्र मराठीत आहे, आताचा उतारा कन्नडात. आबांना कन्नड बोलता येतं पण वाचता येत नाही, उतारा नात वाचून दाखवते. सीमाभागातल्या घराघरात हे असंच आहे. आपल्या जमिनीचा कागद आपल्याला वाचता यावा, एवढी साधी अपेक्षा आहे, आणि ती इतकी वर्षं पुरी झालेली नाही याचं मला दुःख होतं. त्या पोरीला दोन्ही भाषा सारख्या येतात, हा तिचा मोठेपणा. पण आबांना स्वतःला वाचता यायला हवं होतं.

उन्हं उतरल्यावर आबांनी रान दाखवलं. मेअखेरीला वळवाचे पाऊस झाले की कोरड्या मातीत कुरीनं (पाभरीनं) भात पेरायचं, मृगाचा पाऊस लागला की ते उगवून येतं. मग पाणी साठलं की चिखल करून कोळपायचं. भात निघालं की जमिनीत राहिलेल्या ओलीवर मसूर, पावटा, हरभरा. वरून पाणी द्यावं लागत नाही. उताराच्या खालच्या अंगाला ओल टिकते म्हणून तिथं मसूर चांगली येते, वरच्या अंगाला काजू. आम्ही खालच्या पट्ट्यात उतरलो तेव्हा जानेवारीतही चपलेला गाळ लागला. नात म्हणाली, "कर्दमपटी ही असंल का?" तशी खाचरं इथं पन्नास आहेत, पण प्रश्न तिनं विचारला याचा मला अतोनात आनंद झाला.

परतताना गुऱ्हाळावर थांबलो. मोठ्या काहिलीत रस उकळत होता, वरची मळी काढत होते. गुळव्यानं आम्हाला उलथन्यावर गरम गूळ दिला, काकींनी पदरातून शेंगदाणे काढले. वाफेत उभं राहून गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि रात्री कुणाला फारसं जेवण गेलं नाही.

जाणाऱ्यांसाठी: रानात जायचं तर कुणाच्या तरी परवानगीनं जा आणि बांधावरूनच चाला, मसूर पायाखाली लगेच मोडते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. जून ते सप्टेंबर इथला पाऊस सोपा नाही, पण भाताची रोपं बघायची असतील तर तेव्हाच यावं लागेल. गूळ घ्यायचा असेल तर गुऱ्हाळावरच घ्या आणि रंगानं फार पिवळाधमक नसलेला घ्या.

रविवार: रामतीर्थ, देगाव आणि परत

सकाळी गावापासून जवळच असलेल्या रामतीर्थाच्या टेकडीवर गेलो. वर रामेश्वराचं देऊळ आणि जुनं तळं आहे. वरून गाव, देवळाचं शिखर आणि चौफेर रानं एका नजरेत येतात, पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा. गावाचा पसारा कळायला टेकडी चढायलाच हवी. पाणी बरोबर ठेवा, ऊन लवकर चढतं.

मग आबांच्या पुतण्यानं आम्हाला गाडीनं बिडीवरून कित्तूरच्या बाजूला देगावला नेलं. तिथलं कमलनारायणाचं देऊळ शिवचित्त पेर्माडीची राणी कमलादेवी हिनं बाराव्या शतकात बांधवलं. शिल्पी तिप्पोज. हलशीचं देऊळ भव्य आणि साधं आहे, हे नाजूक. तीन गाभारे एका ओळीत, छतावर कमळं कोरलेली, खांब घासून गुळगुळीत केलेले. अक्का छताकडे बघत फरशीवर आडवीच झाली आणि देवळातल्या आजींनी तिला डोक्याखाली घ्यायला आपली पिशवी दिली. हलशीला येणाऱ्यांनी देगाव चुकवू नये. एकाच घराण्याची, एकाच काळातली ही दोन देवळं लागोपाठ पाहिली तरच त्यांच्यातला फरक कळतो. कित्तूरच्या किल्ल्यात वेळ कमी पडला. तिथं अर्धा दिवस वेगळा काढून जायला हवं.

कित्तूरहून बेळगावची गाडी हमरस्त्यावर लगेच मिळाली. काकींनी पिशवीत मसूर, काकवीची बाटली आणि पावट्याच्या शेंगा भरून दिल्या होत्या. अक्कानं त्यांच्यासाठी नेलेला कुंदा त्या मानानं फारच थोडा होता.

घरी आल्यावर सातही ताम्रपटांचा सोप्या मराठीत गोषवारा लिहून मी नातीला व्हॉट्सॲपवर पाठवला. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. तिनं तो आबांना वाचून दाखवला, शाळेत मैत्रिणींना दाखवला, आणि आता शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून गावातल्या शेतांची नावं वहीत उतरवून घ्यायला लागली आहे: कुणाचं रान, काय नाव, कुठल्या ओढ्यापासून कुठल्या बांधापर्यंत. मसूर काढून झाली की एक नकाशाही करायचा म्हणते. मी तिला कळवलंय, जी नावं म्हाताऱ्यांनाच ठाऊक आहेत ती आधी लिही.